‘जयकरला जातोय’ म्हणणाऱ्यांसाठी जयकर

पुणे विद्यापीठात शिकलेल्या कुणालाही ‘जयकर’ म्हणजे काय ते विचारा. तो तुम्हाला जागा सांगेल, माणूस नाही. ‘जयकरला बसलोय’, ‘जयकरला जागा धरून ठेव’, ‘जयकर किती वाजता बंद होतं?’ मीही दोन वर्षं हेच बोलत होतो. ग्रंथालयाला नाव कुणाचं तरी द्यावं लागतं, तसं दिलं असणार, एवढीच माझी समजूत. मुकुंद रामराव जयकर हे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, हे कधीतरी कळलं, आणि तिथंच थांबलं.

म्हणून त्यांची ओळख ग्रंथालयापासून नको. पेट्रोल पंपापासून करून देतो.

आपण पेट्रोल भरतो तेव्हा दोन सरकारं आपल्या खिशात हात घालतात. केंद्राचं उत्पादन शुल्क असतं आणि राज्याचा व्हॅट असतो. जीएसटी आला तरी पेट्रोल त्यातून बाहेरच राहिलं, त्यामुळे ही जुनी दुहेरी व्यवस्था अजून चालू आहे. केंद्र जे घेतं त्यातला एक भाग रस्त्यांच्या नावानं घेतलेला असतो. आता गंमत बघा. पेट्रोलवर रस्त्यांसाठी वेगळा पैसा घ्यावा, ही शिफारस ज्या समितीनं केली तिचे अध्यक्ष जयकर. आणि दिल्लीचा कर वेगळा, प्रांताचा वेगळा, दोन्ही एकाच पेट्रोलवर बसू शकतात, हे ज्या न्यायालयानं पहिल्यांदा सांगितलं त्याच्या तीन न्यायाधीशांपैकी एक पुन्हा जयकरच.

आधी रस्त्यांचं. पहिल्या महायुद्धानंतर हिंदुस्थानात मोटारी भराभर वाढल्या. रस्ते मात्र बैलगाडीच्या हिशेबानं बांधलेले, आणि १९१९च्या सुधारणांनंतर त्यांची जबाबदारी प्रांतांवर आणि पुढे जिल्हा लोकल बोर्डांवर ढकललेली. लोकल बोर्डाकडे खडी टाकण्याइतके पैसे नसायचे, डांबर दूरच. रेल्वे दिल्लीच्या अखत्यारीत आणि नीट चालणारी. रस्ता हा कुणाचाच नसलेला विषय. १९२७ साली मध्यवर्ती कायदेमंडळातल्या सभासदांची एक समिती नेमली गेली, तीच ‘जयकर समिती’. तिनं सांगितलं ते असं: लांब पल्ल्याचे रस्ते ही आता लोकल बोर्डाच्या आवाक्यातली गोष्ट राहिलेली नाही, देशानं त्यात पैसा घालायला हवा, आणि तो पैसा मोटारवाल्यांकडूनच यावा. मार्च १९२९पासून पेट्रोलवरचा कर गॅलनमागे ४ आण्यांचा ६ आणे झाला आणि वरचे २ आणे रस्ते निधीत जाऊ लागले. आजच्या मापात मांडायचं तर लिटरमागे जेमतेम पावणेतीन पैसे. रस्ते बांधणाऱ्या इंजिनिअरांनी एकत्र बसून ठरवावं, यासाठी १९३४ साली ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ ही संस्था निघाली, तीही याच समितीच्या शिफारशीतून. सिव्हिलवाले आजही ‘आयआरसी कोड’ म्हणतात ते याच संस्थेचे.

आता न्यायालयाचं. ही गोष्ट जरा सावकाश सांगतो, कारण केंद्र आणि राज्य यांच्यातली आजची निम्मी भांडणं तिच्यात आहेत.

१९३५च्या भारत सरकार कायद्यानं दिल्ली आणि प्रांत यांच्यात कामांची आणि करांची वाटणी केली. याद्याच केल्या: हे दिल्लीचं, हे प्रांतांचं, हे दोघांचं. दिल्लीच्या यादीत एक नोंद होती, देशात तयार होणाऱ्या मालावरचं उत्पादन शुल्क. प्रांतांच्या यादीत दुसरी होती, मालाच्या विक्रीवरचा कर. कागदावर दोन्ही वेगळ्या. पण १९३८ साली मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळानं, म्हणजे नागपूरनं, पेट्रोलच्या किरकोळ विक्रीवर शेकडा ५ कर बसवला आणि दिल्लीनं भुवया उंचावल्या.

लोणावळ्याची चिक्की घेऊ. गुळाचा पाक कढईतून परातीत ओतला, वड्या पाडल्या, चिक्की तयार झाली. या टप्प्यावर कारखानदाराकडून घेतला तो उत्पादन कर. तीच चिक्की दुकानात गेली, काउंटरवर गिऱ्हाइकानं पैसे मोजले. इथं दुकानदाराकडून घेतला तो विक्री कर. दिल्लीचं म्हणणं असं की, उत्पादन कर हा शब्द मोठा आहे. देशात बनलेल्या चिक्कीवर कढईपासून काउंटरपर्यंत कुठंही कर घ्या, तो शेवटी मालावरचाच कर, म्हणून तो आमचा. प्रांतांचं म्हणणं, मग आमच्या यादीत विक्री कर लिहिलाय तो कशाला? देशात बनलेल्या सगळ्या मालाची विक्री तुमच्या पोटात गेली तर आमच्या हातात उरलं काय?

गव्हर्नर जनरलनं हा प्रश्न फेडरल कोर्टाकडे सल्ल्यासाठी पाठवला. हे कोर्ट नवं कोरं होतं. १ ऑक्टोबर १९३७ला दिल्लीत सुरू झालं. सर मॉरिस ग्वायर मुख्य न्यायाधीश, सोबत सर शाह मुहम्मद सुलेमान आणि जयकर. स्वतःची इमारत नव्हती. आपण ज्याला जुनं संसद भवन म्हणतो त्यातल्या, संस्थानिकांच्या सभेसाठी बांधलेल्या दालनात ते बसायचं. पुढे सुप्रीम कोर्टही बरीच वर्षं तिथंच बसलं. आणि या कोर्टापुढे आलेलं पहिलं प्रकरण हेच, नागपूरच्या पेट्रोलचं.

डिसेंबर १९३८मध्ये तिन्ही न्यायाधीशांनी आपापली मतं स्वतंत्रपणे लिहिली. निष्कर्ष एकच निघाला: नागपूरचा कायदा वैध. उत्पादन शुल्क हा शब्द मोठा असेल, पण ज्या कायद्यात तो आहे त्याच कायद्यात विक्री कर प्रांतांना नावानिशी दिलाय. एक नोंद इतकी ताणायची नाही की दुसरीचा जीव जाईल. दोन्ही नोंदी जगतील असाच अर्थ लावायचा. पुढच्याच वर्षी मद्रास प्रांतानं सर्वसाधारण विक्री कराचा कायदा केला, आणि स्वातंत्र्यानंतर कित्येक दशकं राज्यांची तिजोरी मुख्यतः याच करावर चालली.

म्हणजे बघा, १९२८ साली ज्या गृहस्थांनी दिल्लीला पेट्रोलवर २ आणे जास्त घ्यायला सांगितलं, त्यांनीच १० वर्षांनी नागपूरलाही त्याच पेट्रोलवर हात ठेवू दिला. वाहनचालकांनी जयकरांबद्दल काय म्हणावं ते ज्यानं त्यानं ठरवावं.

एकाची हद्द कुठं संपते आणि दुसऱ्याची कुठं सुरू होते, हे शोधणं हा जयकरांचा धंदाच होता. वकिलीतही आणि राजकारणातही. १३ नोव्हेंबर १८७३चा जन्म, घराणं पाठारे प्रभूंचं, मुंबईत एलएलबी, मग विलायत, १९०५ साली बॅरिस्टर होऊन मुंबई हायकोर्टात. हे सगळं त्या पिढीच्या डझनभर माणसांबद्दल सांगता येईल, म्हणून त्यात रमत नाही.

पाठ्यपुस्तकी वर्गवारीत त्यांना सरसकट ‘मवाळ’ म्हणून टाकतात. मला ते पटत नाही. जालियनवाला बागेनंतर काँग्रेसनं स्वतःची चौकशी समिती नेमली, तिच्या अहवालाखाली चार सह्या आहेत: गांधी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी आणि जयकर. पंजाबात फिरून १,७००हून जास्त साक्षीदार तपासले. हे काम बंगल्यात बसून अर्ज लिहिणाऱ्याचं नव्हे. पण १९२०च्या शेवटी, गांधीजींनी स्वराज्य मागणाऱ्या होमरूल लीगचं नाव आणि घटना बदलली तेव्हा, जीनांबरोबर राजीनामा देणाऱ्यांत जयकरही होते. नियमात जेवढं बहुमत लागतं तेवढं नसताना घटना बदलली, हा आक्षेप. लोकांना वाटलं, देश पेटलाय आणि हे कलमं मोजतायत. वकिलाला वाटतं, आज आपल्या बाजूसाठी नियम वाकवला तर उद्या समोरच्यासाठीही वाकवावा लागेल. मला दोन्ही बाजू कळतात, हीच अडचण.

१९२३ साली ते मुंबईच्या कायदेमंडळात स्वराज्य पक्षाचे नेते होते. इथं ‘द्विदल राज्यपद्धती’ हा शब्द येतो, जो परीक्षेत सगळे लिहितात आणि कुणाला समजत नाही. द्विदल म्हणजे डाळीसारखे दोन भाग. प्रांताच्या सरकारचे दोन तुकडे केले. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही ‘सोपीव’ खाती निवडून आलेल्या मंत्र्यांकडे. पोलीस, जमीन महसूल, वित्त ही ‘राखीव’ खाती गव्हर्नर आणि त्याच्या कौन्सिलकडे. शाळा काढायच्या त्या मंत्र्यानं, पैसे द्यायचे की नाही ते मात्र दुसऱ्यानं ठरवायचं. सुनेच्या हातात स्वयंपाकघर आणि कोठीची किल्ली सासूच्या कमरेला.

यावर काय करायचं? नाफेरवाले, म्हणजे कायदेमंडळांवरचा बहिष्कार तसाच ठेवा म्हणणारे काँग्रेसवाले, म्हणत, या घरात पाऊलच टाकू नका. स्वराज्य पक्ष म्हणाला, आत जायचं आणि चूल पेटू द्यायची नाही. मध्यप्रांतात त्यांचं बहुमत होतं, त्यांनी खरंच पेटू दिली नाही. मुंबईत तेवढं संख्याबळ नव्हतं. जयकर, न. चिं. केळकर, डॉ. मुंजे यांना दोनेक वर्षांत वाटू लागलं की नुसतं अडवून हाती काही येत नाही. किल्ली मिळेल तिथं घ्यावी, नाही तिथं भांडावं. लोकमान्यांनी १९१९ साली अमृतसरला वापरलेला ‘प्रतियोगी सहकारिता’ हा शब्द त्यांनी उचलला: तुम्ही जेवढं द्याल तेवढं सहकार्य, जेवढं अडवाल तेवढा विरोध. मोतीलाल नेहरूंशी खटका उडाला, आणि १९२६ साली या मंडळींचा वेगळा पक्ष झाला. त्याला फारसं बळ कधीच आलं नाही. लोकांना जा किंवा बस असं सांगता येतं. ‘परिस्थिती बघून जा’ ही घोषणा होत नाही.

मग १९३०. मिठाचा सत्याग्रह झाला. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात, मोतीलाल आणि जवाहरलाल अलाहाबादजवळच्या नैनीत, व्हाइसरॉय आयर्विन शिमल्यात. बोलायचं तर आहे, पण आधी कोण बोलणार? सरकार आधी बोललं तर घाबरलं असं दिसतं, काँग्रेस बोलली तर थकली असं. अशा वेळी तिऱ्हाईत लागतो. सर तेजबहादूर सप्रू आणि जयकर यांनी व्हाइसरॉयकडून परवानगी काढली आणि जुलैत येरवडा गाठलं. गांधीजींनी नेहरूंसाठी चिठ्ठी दिली, ती घेऊन नैनी. नेहरू पितापुत्र म्हणाले, गांधीजींशी समोरासमोर बोलल्याशिवाय काही सांगता येणार नाही. जयकर ते उत्तर घेऊन परत येरवड्याला. शेवटी सरकारनं नेहरू पितापुत्रांना रेल्वेनं पुण्याला आणलं आणि १३ ते १५ ऑगस्टला तुरुंगातच बैठक बसली. देशाचं सरकार एका बाजूला, देशाचे नेते कैदी म्हणून दुसऱ्या, आणि मधे दोन वकील कागद घेऊन.

या फेरीतून काही निघालं नाही. नेत्यांनी साम्राज्यातून बाहेर पडण्याचा हक्क मागितला, जनतेला जबाबदार असं पूर्ण राष्ट्रीय सरकार मागितलं. आयर्विननं यावर बोलणंच शक्य नाही म्हणून कळवलं. सप्रू आणि जयकर दोघंही लंडनला पहिल्या गोलमेज परिषदेला गेले. काँग्रेसवाल्यांनी त्यांची टर उडवली असणारच. पण परत आल्यावर, १९३१च्या फेब्रुवारीत, पुन्हा तोच उद्योग, आता श्रीनिवास शास्त्रीही सोबत, आणि ५ मार्चला गांधी-आयर्विन करार झाला. सत्याग्रह स्थगित, हिंसेचा आरोप नसलेले कैदी मुक्त, मीठ जिथं पिकतं तिथल्या गावकऱ्यांना घरापुरतं मीठ करायची मुभा, काँग्रेस गोलमेजला जाणार.

पुढच्याच वर्षी, २४ सप्टेंबर १९३२ला, येरवड्यातच पुणे करारावर सह्या झाल्या. त्यात डॉ. आंबेडकरांची सही आहे, मालवीयांची आहे, सप्रूंची आहे, जयकरांचीही आहे. अस्पृश्य वर्गाचे स्वतंत्र मतदारसंघ गेले, प्रांतिक कायदेमंडळांतल्या राखीव जागा मात्र ७१च्या १४८ झाल्या. या करारावर आजही दोन टोकांची मतं आहेत, ती एका परिच्छेदात उरकायची नाहीत.

पण एवढं वाचून जयकर म्हणजे सदैव समेटाचा माणूस, असं चित्र मनात तयार झालं असेल तर ते मोडायला हवं. डिसेंबर १९२८, कलकत्ता, सर्वपक्षीय परिषद. नेहरू अहवालावर, म्हणजे मोतीलालांच्या समितीनं केलेल्या राज्यघटनेच्या आराखड्यावर, चर्चा. जीनांनी काही दुरुस्त्या मांडल्या: मध्यवर्ती कायदेमंडळात मुसलमानांना एक तृतीयांश जागा, उरलेसुरले अधिकार प्रांतांकडे, वगैरे. सप्रू म्हणाले, हट्टी मुलासारखं वागतायत असं वाटत असेल तरी जे मागतायत ते देऊन टाका आणि विषय संपवा. जयकर उभे राहिले ते विरोधात. जीना मुसलमानांतल्या थोड्याच लोकांच्या वतीनं बोलतायत, आणि अहवालाची घडी एकदा विस्कटली की इतरही मागण्या घेऊन उठतील, असा त्यांचा रोख होता. हिंदू महासभेचं म्हणणं तेच मांडत होते. दुरुस्त्या फेटाळल्या गेल्या. तीन महिन्यांत जीनांचे चौदा मुद्दे आले.

जीना आणि जयकर दोघंही मुंबई हायकोर्टातले बॅरिस्टर, ‘बॉम्बे क्रॉनिकल’च्या संचालक मंडळावर बरोबर बसलेले, १९२०ला बरोबरच राजीनामा दिलेले. कलकत्त्यात जागा दिल्या असत्या तर पुढचं सगळं टळलं असतं, असं म्हणणं भाबडेपणाचं आहे. पण ज्याला मधे उभं राहायची कला येत होती तो त्या दिवशी एका बाजूला जाऊन बसला, हे मला खटकतं.

बहुधा त्यांनाही खटकलं असावं. कारण १८ वर्षांनी त्यांनी नेमकं उलटं केलं. १३ डिसेंबर १९४६ला घटना समितीत जवाहरलालांनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. मुस्लिम लीगनं बहिष्कार टाकलेला, संस्थानांचे प्रतिनिधी अजून यायचे. तीन दिवसांनी जयकरांनी दुरुस्ती मांडली: ठराव चांगला आहे, पण लीग आणि संस्थानं येईपर्यंत त्यावर मत घेऊ नका. भरल्या सभागृहात, उत्साहाच्या ऐन भरात, ७३ वर्षांचा माणूस ‘थांबा’ म्हणतोय. बाकं खवळली. दुसऱ्या दिवशी बोलायला उभे राहिलेले डॉ. आंबेडकर मात्र घाई करू नये याच मताचे निघाले. चर्चा जानेवारीपर्यंत लांबली. लीग आलीच नाही. २२ जानेवारी १९४७ला ठराव मंजूर झाला.

त्यानंतर जयकरांनी घटना समितीचा राजीनामा दिला. आंबेडकर बंगालमधून निवडून आले होते आणि फाळणीनं त्यांची ती जागा जाणार होती. त्यांना परत आणायचंच, असं काँग्रेसनं ठरवलं. राजेंद्रप्रसादांनी मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांना तसं पत्र लिहिलं. मुंबईत एक जागा रिकामी होतीच. जयकरांची. जुलै १९४७मध्ये आंबेडकर त्या जागेवर निवडून आले, आणि पुढच्याच महिन्यात मसुदा समितीचे अध्यक्ष झाले.

मधे १९३९पासून काही वर्षं जयकर लंडनला प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीवर होते, म्हणजे साम्राज्यातलं शेवटचं अपील जिथं चालतं तिथं. परत आल्यावर हाती आलं ते वेगळंच काम. महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विद्यापीठ हवं की नको हे ठरवायला मुंबई सरकारनं १९४२ साली समिती नेमली, अध्यक्ष जयकर. १९४८ला कायदा झाला, १० फेब्रुवारी १९४९ला पुणे विद्यापीठ सुरू झालं. कुलगुरूपदी ते १९५६पर्यंत होते. पहिल्या वर्षी १८ कॉलेजं आणि ८,०००च्या वर विद्यार्थी. आज एवढे विद्यार्थी एखाद्या मोठ्या कॉलेजात असतात.

विद्यापीठाला जागा मिळाली ती गणेशखिंडीतला गव्हर्नरचा बंगला आणि भोवतालचे ४००वर एकर. २२ जून १८९७च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी याच बंगल्यात झाली, आणि तिथून परतताना रँड आणि आयर्स्ट यांच्यावर चापेकरांनी गोळ्या झाडल्या. तेव्हा जयकर तेवीस वर्षांचे होते. पंचाहत्तरीला त्याच बंगल्यातून ते नव्या विद्यापीठाचा कारभार बघू लागले. १९५०मध्ये ग्रंथालय सुरू झालं, तेच ‘जयकर’. आत्मचरित्राचे दोन खंड त्यांनी इंग्रजीत लिहिले, आणि १० मार्च १९५९ला ते गेले. ते खंड ‘जयकर’मध्ये मागा.